साडेचारचं अ‍ॅव्हरेज

"हलवा, केरबामामा. अजून हलवा."

अभिदादा एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं, टपावरच्या दांड्या धरून आम्ही ती पंचेचाळीस लाखांची गाडी गदागदा हलवत होतो. टाकीत कुठं हवा अडकली असेल तर ती निघावी आणि डिझेल पार तोंडाशी यावं म्हणून. ही युक्ती दादाला मीच शिकवलेली. तो सोळा वर्षांचा असताना जुन्या जीपवर त्याला गाडी शिकवली, तेव्हाच सांगितलं होतं की काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहून घ्यायचे, गाडी चालवायची, परत तोंडापर्यंत भरायची. गेलेले किलोमीटर भागिले बसलेलं डिझेल. बाकी सगळं झूट.

आता तीच युक्ती तो माझ्यावर चालवत होता.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरचा पंप. मंगळवार, संध्याकाळचे साडेसात. कारखाने सुटलेले, त्यामुळं टेम्पोवाले, छोटा हत्तीवाले, सगळे रांगेत. सगळे मला ओळखणारे. बावीस वर्षं मगदूमांच्या, म्हणजे दादाच्या वडिलांच्या, फौंड्रीवर ड्रायव्हर होतो मी. आणि एक सांगतो, बढाई म्हणा हवं तर, पण माझ्या हाताला अ‍ॅव्हरेज होतं. कुणाचीही गाडी द्या, दीड-दोन किलोमीटर जास्त काढून दाखवायचो. पोरं विचारायची, "केरबाण्णा, पायात काय कापूस बांधता काय?" मी मिशीत हसायचो. घरात दुसरं काय होतं मिरवायला!

"बास," दादा म्हणाला. पंपावरच्या माणसानं नळी काढली.

तेरा पॉइंट आठ लिटर.

रविवारी संध्याकाळी याच पंपावर, याच जागेवर, दादानं स्वतः टाकी तोंडापर्यंत भरून घेतली होती. तेव्हापासून गाडी चालली होती बासष्ट किलोमीटर. दादानं मोबाइलवर भागाकार केला. मला करायची गरज नव्हती.

साडेचार.

"साडेचार, मामा," दादा म्हणाला. "ट्रकसुद्धा याच्यापेक्षा बरं देतो."

*

गाडी दादानंच घेतलेली. तो पुण्याला, स्वतःचा मोठा धंदा होता त्याचा. आई-वडील कोल्हापुरात नागाळा पार्कात. अक्का, म्हणजे दादाची आई, पडली आणि कमरेत प्लेट बसली. त्यानंतर चाकाची खुर्ची आली. खुर्ची डिकीत बसत नाही म्हणून दादानं ही लांबलचक परदेशी स्टेशन वॅगन पाठवली. मागची सीट पाडली की पलंगाएवढी सपाट जागा. चारही चाकं ओढणारी. खड्ड्यात गेली तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं.

कोल्हापुरात असली गाडी कुणी बघितलेली नव्हती. पहिल्याच दिवशी एक टेम्पोवाला ओरडला, "काय केरबा, मालकांनी शववाहिका घेतली काय रं?" मी त्याला अशी शिवी हासडली की इथं सांगता येणार नाही.

पण खर्चाला गाडी राक्षस होती, खोटं कशाला बोलू. चारी चाकांना जोर लागतो म्हणून डिझेल जास्त पितेच. कंपनीनं कागदावर पंधरा लिहिलेलं, माझ्या हातानं आपल्या रस्त्यावर अकरा पडायचं. सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची. एकदा फौंड्रीच्या दारात लोखंडाची कपची लागून एक टायर कापलं, तर म्हणे चारही बदला! चारी टायर सारखी झिजलेली पाहिजेत म्हणे, नाहीतर गाडीच्या पोटात दुखतं. मी त्या सर्व्हिसवाल्याला म्हटलं, "माझा एक दात पडला तर बत्तीस बसवू काय?" अण्णा, म्हणजे दादाचे वडील, पोट धरून हसले होते. ते आठवतं, कारण त्या वर्षात ते फारसे हसले नव्हते.

अक्का विसरत चालल्या होत्या. आधी नावं गेली, मग माणसं गेली. शेवटी अण्णाही गेले, म्हणजे अक्कांच्या डोक्यातून गेले. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला बाई विचारायच्या, "तुम्ही कोण? माझा भाऊ कुठाय?"

आणि दुपारचे तीन वाजले की सुरू व्हायचं. "मला घरी जायचंय. दादा घ्यायला येणार हाय. सोडा मला." खुर्चीचे हात धरून ओरडायच्या, नर्सला नखं मारायच्या, रडून रडून घसा बसायचा. सहा वाजेपर्यंत. रोज. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला. दादा म्हणजे त्यांचा भाऊ; तो जाऊन तीस वर्षं झालेली आणि घर विकलेलं.

एक दिवस अण्णा मला म्हणाले, "केरबा, मागची सीट पाड. गादी टाक."

अक्कांना उचलून आत झोपवलं. अण्णा, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, शेजारी मांडी घालून बसले. मी इंजिन चालू केलं. गाडीची ती बारीक घरघर पाठीखालून आली आणि अक्का गप्प झाल्या. अण्णांचा हात धरून म्हणाल्या, "दादा, आलास व्हय? किती उशीर केलास रं."

अण्णांनी तो हात घट्ट धरला. मग म्हणाले, "व्हय पद्मे, आलो. चल, माहेरी जाऊया."

पद्मावती नाव होतं अक्कांचं. बावीस वर्षांत अण्णांना बायकोचं नाव घेताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पंधरा किलोमीटर गेलो असू. अक्का गाढ झोपल्या. कागलच्या अलीकडं हायवे सोडून एका चिंचेखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. बंद केल्या केल्या अक्कांनी डोळे उघडले.

"आलं का?"

बाहेर बघितलं. चिंच, बांध, कुणाची तरी म्हैस. "हे न्हवं आमचं गाव. दादा, हे न्हवं!" आणि परत तो आकांत.

मी घाईनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. अक्का निवल्या.

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. तीनला निघायचं, चिंचेखाली जायचं, इंजिन आणि एसी चालू ठेवून सहापर्यंत बसायचं. अक्का झोपायच्या. अण्णा तिथंच शेजारी बसल्या बसल्या डुलकी काढायचे. मी पुढं बसून आरशात दोघांना बघायचो. गाडी जागेवर उभी आणि डिझेल जळत राहायचं. तासाला सव्वा-दीड लिटर. किलोमीटर शून्य.

माझ्या अ‍ॅव्हरेजचा पार बोऱ्या वाजला. पण मी एक दिवसही तोंड वाकडं केलं नाही, हे देवाशपथ सांगतो.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं बजावून ठेवलं होतं की आईला बाहेर काढायचं नाही. त्याचंही चुकत नव्हतं. कमरेत प्लेट, एक धक्का बसला तर पुन्हा ऑपरेशन. आणि नर्सला अण्णांनी गप्प केलं होतं. पण डिझेलचं कार्ड दादाच्या नावावर, आकडे दर महिन्याला त्याच्या समोर. अकराचं सहा झालं. तो कामासाठी तीन दिवस कोल्हापुरात आला, रविवारी टाकी भरून घेतली आणि मला म्हणाला, "मामा, मंगळवारी परत बघू."

दिवसभर तो फौंड्रीत असायचा. सोमवारी दुपारी चिंचेखाली मी अण्णांना हात जोडले.

"अण्णा, दोन दिवस तेवढं इंजिन बंद ठेवूया. माझ्यावर आळ येतोय."

अण्णांनी अक्कांच्या कपाळावरचा घाम पुसला. "बघ बंद करून," म्हणाले.

केलं बंद. दहा सेकंद. "आलं का? दादा, आलं का?" मग अक्कांनी माझी पाठ बघितली आणि हात जोडले. मला, ड्रायव्हरला, हात जोडले. "अहो भाऊ, तुमच्या पाया पडते. गाडी चालवा की हो. आई वाट बघत्या."

मी स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली.

अक्का परत झोपल्या. मग अण्णा म्हणाले, "केरबा, गुरुवारी मिरजेचे डॉक्टर यायचेत. मी त्यांच्याशी बोललोय. गाडीत ठेवायला हरकत न्हाई, उलट बरं हाय, असं तेच अभीला समजावणार. माझं तो ऐकायचा न्हाई. आईचं नाव निघालं की त्याचं डोकं चालत न्हाई. डॉक्टरांचं ऐकेल. तवर कळ काढ. मंगळवारी त्यानं काय बी विचारलं तरी तू गप राहायचं."

"चोर म्हणाला तर?"

"तर दोन दिवस चोर हो. माझ्यासाठी हो. गुरुवारी मी त्याला तुझ्या पाया पडायला लावतो."

मी म्हटलं, "शब्द दिला, अण्णा."

*

आणि आता मंगळवार. पंपावर मी उभा, समोर साडेचारचा आकडा.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती तरी मी मान खाली घालून उभा राहिलो असतो, खरंच राहिलो असतो. पण तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, घरी काही अडचण आहे का? मला मागायचे होते ना पैसे. डिझेल कशाला विकायचं? खरं सांगा. मी पोलिसात जाणार नाही."

रांगेतून कुणीतरी हसलं. "केरबा, घरात कॅन भरून ठेवलीस काय रं? आम्हाला बी दे की दोन लिटर!" मग सगळेच हसले. ज्या पोरांना मी क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, ती पोरं.

माझं टाळकं सटकलं.

"चोर न्हाई मी!" असा ओरडलो की पंपावरचा माणूस दचकला. "चोर न्हाई! तुमच्या आईला झोपवायला जळतंय ते डिझेल! रोज तीन ते सहा, चिंचेखाली, इंजिन चालू ठेवून! इचारा तुमच्या बापाला! मी एक थेंब विकला असंल तर हात झडू देत माझे!"

दादाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला.

"आईला? बाहेर नेता? रोज?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पण तोंडातून गेलेलं परत कुठं येतंय.

दादा वाईट माणूस नव्हता. सगळ्यांसमोर माझे हात धरून म्हणाला, "चुकलो, मामा. माफ करा." ज्यांनी दात काढले होते, त्यांनी माना खाली घातल्या. मी छाती पुढं काढून घरी गेलो. बायकोला तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. आणि निर्लज्जासारखा गाढ झोपलो.

बुधवारी सकाळी बंगल्यावर गेलो तर सामान बांधलेलं. दादा अण्णांना म्हणत होता, "बंद काचांत तीन-तीन तास इंजिन चालू? धूर आत आला असता तर? मोडलेल्या कमरेचं माणूस ते, अण्णा! काही झालं असतं म्हणजे?"

"गुरुवारी डॉक्टर येणार होते," अण्णा म्हणाले.

"पुण्यात चांगले डॉक्टर आहेत. तुम्ही दोघं माझ्याकडं राहायचं. संपला विषय."

अक्कांना गाडीत झोपवलं. स्टेअरिंगवर दादा बसला. इंजिन सुरू झालं तशा अक्का हसल्या. "दादा, निघालो?"

अण्णा माझ्यापाशी आले. मी मान वर करेना. रागावतील असं वाटलं. रागवायला पाहिजे होतं. ते एवढंच म्हणाले, "दोनच दिवस हुतं रं, केरबा."

आणि जाऊन अक्कांजवळ बसले.

*

तेविसाव्या दिवशी रात्री दादाचा फोन आला. मला फौंड्रीच्या टेम्पोवर घेतलं होतं, पगारही वाढवला होता.

"मामा, आई गेली," दादा म्हणाला. त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "अण्णा शववाहिका नको म्हणतात. तिची गाडीच पाहिजे म्हणतात. आणि गाडी केरबाच चालवेल म्हणतात. याल का?"

रात्रीच्याच एस्टीनं गेलो. पुण्यात अकराव्या मजल्यावर दादाचं घर, खाली तळघरात गाडी उभी होती. मागची सीट पाडलेली, गादी टाकलेली, चिंचेखाली असायची तीच निळी चादर. अक्कांना ठेवलं. अण्णा शेजारी मांडी घालून बसले, जसे रोज बसायचे तसे. दादा आणि सूनबाई मागच्या गाडीत.

सातारा मागं पडला. मग अण्णा आपणहून बोलायला लागले.

"तीन वाजले की म्हणायची, खुर्ची दाराशी लावा. लिफ्टचा आवाज आला की सावरून बसायची. दादा आला म्हणायची. दार उघडायचं ते शेजाऱ्याचं."

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

"अभीनं लई केलं रं तिच्यासाठी. दोन नर्सा, मोठमोठे डॉक्टर. एकदा खाली आणून गाडीत बी झोपवली. पण तळघरात इंजिन चालू ठेवू देत न्हाईत. वॉचमन आला. बंद केल्यावर तिनं असा टाहो फोडला की अभी तिथंच खाली बसून रडला. मग खायचं सोडलं तिनं. माहेरी जाऊन जेवते म्हणायची."

"अण्णा, मी..." मी आरशात बघितलं. "मी शब्द मोडला."

"व्हय," अण्णा म्हणाले. "मोडलास."

माफ केलं म्हणाले नाहीत. आजवर कधीच म्हणाले नाहीत, आणि बरोबरच केलं.

कोल्हापूरचा फाटा आला. मी इंडिकेटर दिला.

"सरळ घे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, घरी सगळे थांबलेत."

"सरळ घे, केरबा. तीन वाजायच्या आत पोचव."

लगेच फोन वाजला. मागून दादा. "मामा, फाटा सोडला तुम्ही! कुठं चाललाय?" अण्णांनी हात पुढं करून फोन घेतला. "तिला घ्यायला कोण आलं न्हाई, अभी," म्हणाले. "मी पोचवून येतो." त्यांनी फोन बंद केला. आरशात बघितलं, तर दादाची गाडी मागून येत होती.

कागलच्या अलीकडं ती चिंच डाव्या बाजूला दिसली. माझा पाय आपोआप सैल झाला. अण्णा म्हणाले, "थांबू नको." निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. गाडी कशी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. आणि सांगायला जीभ धजत नाही, पण मी काट्याकडं बघितलं. आयुष्याची सवय. ज्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून मी दुसऱ्यांना शिकवलं, त्याच काट्यावर मी, मेल्या मनाच्या माणसानं, त्या दिवशी अ‍ॅव्हरेज बघितलं. चौदा पॉइंट सहा. कधीच दिलं नव्हतं त्या गाडीनं. द्यायचं कसं? आजवर कुठं तरी थांबून इंजिन जाळल्याशिवाय आमचा दिवसच जात नव्हता. आज थांबायची गरजच पडली नाही.

गावाआधी शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता होता, लाल चिखलाचा. दादाची गाडी पहिल्याच वळणावर रुतली. तो उतरून चिखलातून चालत आमच्या मागं यायला लागला. आमच्या गाडीनं मात्र चारी चाकांनी चिखल धरला आणि एक हिसका न देता वर काढलं. अक्कांची चादरसुद्धा सरकली नाही.

घराच्या जागी कुणाचा तरी स्लॅबचा बंगला होता. पण दारातला आड तोच होता, आणि खाली नदी तीच. आडापाशी गाडी उभी केली. तीनला पाच कमी होते.

इंजिन चालूच होतं. ते बंद करायला माझा हात उचलेना. अण्णांनी अक्कांच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

"पद्मे," म्हणाले, "आलं बघ."

मग मला म्हणाले, "कर आता बंद."

मी किल्ली फिरवली. घरघर थांबली. आणि रोजच्या सवयीनं मी मागं वळून बघितलं. अण्णाही तिच्या तोंडाकडं बघत होते. चिखलानं भरलेला दादा काचेला हात लावून उभा होता, तोही बघत होता.

किती तरी वेळ आम्ही तिघं तसेच बघत राहिलो. आलं का म्हणून कुणी विचारलं नाही.